शेंदराचे नट

मोटारीचं मागचं डावं चाक सकाळी बसलेलं दिसलं. उदेसिंगानं रबरातून बोटाएवढा बाभळीचा काटा उपसून दाखवला, तरी आबांनी चाकाला लाथ मारली, आणि पायाला लागलं म्हणून उदेसिंगाकडेच डोळे वटारले.

आबा म्हणजे माझे थोरले दीर, सुपडू पाटील. लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तीनच्या आत नंदुरबारच्या कचेरीत पोचायचं आणि साहेबासमोर सही करायची. आमच्या कोरीटहून बैलगाडीनं निघालं असतं तर कचेरीचं कुलूपच बघायला मिळालं असतं. मोटारीनं मात्र तासाभराचा रस्ता. म्हणून आबा निवांत होते. जरीचा फेटा बांधून, अर्ज कोटाच्या आतल्या खिशात घालून ते आठच्या सुमाराला अंगणात आले, तर समोर हे.

उदेसिंग आमचा ड्रायव्हर. मोलगीकडचा, डोंगरातला. नवापूरला लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीवर राहून मोटार शिकलेला. आसपासच्या पाच-सात गावांत मोटार चालवणारा दुसरा माणूस नव्हता. मोटार आली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेहून, आणि तिच्या पाठोपाठ उदेसिंग आला.

मी ओट्यावर खांबाआड बसून वाती वळत होते. माझं मौन होतं. यांना, आबांच्या धाकट्या भावाला, तीन वर्षांपूर्वी मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस उतरला नाही, तेव्हा मी देवापुढे बोलले होते की हे उठून बसले तर तीन कार्तिक मौन धरीन. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, पहाटेच्या अंघोळीपासून तुळशीत दिवा लागेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. हा तिसरा कार्तिक होता. पौर्णिमेला तीन दिवस राहिले होते. उद्यापनाचे तांदूळ निवडून झाले होते.

आणि मौन नसतं तरी आबांशी मी बोललेच नसते. सोळा वर्षं त्या घरात होते. थोरल्या दिरासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, वाट सोडून उभं राहायचं, काही सांगायचं असेल तर जाऊबाईंच्या तोंडून सांगायचं. माझा आवाज कसा आहे ते आबांना ठाऊकही नसेल.

उदेसिंगानं पुढच्या चाकांना दगड लावले आणि पाना नटावर बसवला.

"आधी जॅक लाव," आबा म्हणाले. "चाक उचलाबिगर कसं निंघी?"

"आबा, चाक जमिनवर ऱ्हायनं तरच नटले जोर लागस. वर उचलं म्हंजे चाकच फिरी जास."

"तू माले शिकाडस? जॅक लाव."

उदेसिंगानं जॅक लावला. चाक वर आलं. त्यानं पान्यावर जोर दिला आणि चाक गरकन फिरलं. हातब्रेक त्या मोटारीला नावालाच होता. गोठ्याशी उभा असलेला आमचा सालदार हिलाल तोंडावर उपरणं धरून हसला. उदेसिंगानं जॅक खाली घेतला. त्याच्या तोंडावर "मी सांगितलं होतं" असं जरासुद्धा नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यानं जमिनीवरच्या चाकाला पाना लावला. दोन्ही हातांनी रेटला. नट हलला नाही. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहिला, तरी नाही. दुसरा नट, तिसरा नट. पाचही तसेच. हिलालनं गोठ्यातून एक पोकळ लोखंडी नळी आणली. ती पान्याच्या दांड्यावर चढवून दांडा लांब केला आणि दोघांनी मिळून जोर लावला. मोटार हलली, दगड सरकले, नट जागचा हलला नाही.

"आबा, हाऊ नट नही, तुमना स्वभाव शे," हिलाल म्हणाला. "एकदाव बसना ते बसना."

आबांना हिलालची थट्टा चालायची. तो आमच्या भाऊबंदांतला होता. तेच उदेसिंग बोलला असता तर?

"सरक तिकडे," म्हणून आबांनी फेटा काढून यांच्या हातात दिला, हातोडा घेतला आणि पाना नटावर तिरपा धरून ठोकायला लागले. उदेसिंग म्हणत होता, "आबा, तसं नका ठोकू, कोपरा झिजी जातीन." ते ठोकतच राहिले. खण, खण, खण. पाना सटकला. नटाचे कोपरे चकचकीत गोल झाले. पाना सरळ करायला उदेसिंगानं हात पुढे केला होता. त्याच्या बोटांची सालं निघाली.

"हात कसाले घालस मधमां?" आबा त्याच्यावरच ओरडले.

त्या वेळी पान्याबरोबर नटाच्या बुडातून एक खपली उडाली आणि ओट्याच्या पायरीवर येऊन पडली. लाल. मी ती उचलली. नखानं दाबून पाहिली. लाखेसारखी टणक होती. नाकाशी नेली तर शिळ्या जवसाच्या तेलाचा वास आला.

माझ्या हातातली वात तुटली.

दसऱ्याला आमच्याकडे औत, पाभर, विळे, कोयते, सगळ्यांची पूजा होते. यंदा मोटारीचा पहिला दसरा होता. उदेसिंगानं आदल्या दिवशी चारही चाकं काढून धुतली होती. सकाळी मी पूजेचं ताट घेऊन गेले तेव्हा तो बोल्टांच्या आट्यांना काळं काहीतरी लावत बसला होता. तेव्हा माझं मौन सुरू व्हायला पाच दिवस होते. मी विचारलं, हे काय?

"ग्रीस, माय."

"कसानं बनाडतस?"

"कोन जाने. ठेकेदारना मिस्त्री सांगे, चरबी ऱ्हास तेमां."

चरबी. कुणाची, काय ठाऊक. आणि त्यावर मी शेंदूर लावू? मी म्हटलं, पूस ते सगळं. तो जरा घुटमळला.

"माय, ग्रीस ऱ्हाऊ दे. कोरडा आटावर नट बसी जातीन. मंग निंघतीन नही."

"पूस म्हनस ना मी," मी म्हटलं. हळूच म्हटलं. मी कधी ओरडत नाही. हळू बोलणाऱ्या बाईचा हुकूम मोडणं नोकराला किती अवघड असतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानं घासलेटच्या चिंधीनं एकेक बोल्ट स्वच्छ पुसला. मी जवसाच्या तेलात शेंदूर कालवला. तिळाच्या तेलातला शेंदूर ओघळतो, जवसाच्या तेलातला वाळून धरतो. शेतातल्या म्हसोबाला सासूबाई तसाच लावायच्या, तो पावसाळ्यातही उतरायचा नाही. तोच मी बोटानं प्रत्येक बोल्टाच्या आट्याआट्यात भरला, वर नटांना थापला. चारी चाकांना. वाटलं, आता कशाची भीती नाही. उदेसिंगानं त्या ओल्या शेंदरावर नट कसले. महिना झाला होता त्याला.

मी पदराच्या फटीतून उदेसिंगाकडे पाहिलं. तोही खाली वाकून नटाच्या बुडाशी नखानं खरवडत होता. त्याच्या नखावर लाल भुगा आला. त्यानं तो पाहिला. एकदा ओट्याकडे पाहिलं, खांबाकडे, जिथे मी होते. मग त्यानं बोट धोतराला पुसलं.

त्याला माहीत होतं. माझ्याआधीपासून माहीत असणार.

"नट कोनी कसात?" आबांनी विचारलं.

"मी कसात."

"मंग निंघतस काबरं नहीत?"

मी मनात म्हणत होते, सांग, माझं नाव सांग. धाकल्या पाटलीणबाईनं ग्रीस पुसायला लावलं, एवढंच सांग. उदेसिंग पायाकडे बघत उभा राहिला. मी गप्प होते ते देवासाठी. तो गप्प होता ते माझ्यासाठी.

आबांच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, मी सोळा वर्षं पदराआडून तेच वाचत आले होते. त्यांच्या विरुद्ध शेजारच्या गावचे इंद्रसिंग उभे राहणार होते. आबांचा अर्ज गेला नसता तर इंद्रसिंगांना रान मोकळं होतं.

"परवा तू इंद्रसिंगना गावले कसाले गयथा?"

"मन्ही बहीन रूपली तठे कपाशी येचाले येल शे. तिले भेटाले गयथू."

"बहीनले भेटाले का इंद्रसिंगले? काय दिधं तेनी तुले?"

"आबा, मी तेनं तोंड बी दखं नही."

"नवा नट, नवा बोल्ट, एक महिनामां बसी जातस? कोनी काही करं नही तर? आज, नेमका आजच?"

"आबा..."

"जंगलमातला मानूस. घरमां घिदा तरी जात सोडी का?"

उदेसिंगानं पहिल्यांदा मान वर केली. "जात काढू नका, आबा."

आबांनी त्याच्या थोबाडीत मारली.

अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. कोणी शेतावर निघालेलं, कोणी नुसतं बघायला आलेलं. एकानंही हाताची घडी सोडली नाही. हिलालचं हसणं मात्र थांबलं.

"दावं आन, हिलाल. बांध तेले. भटू, फौजदारले चिठ्ठी लिख. घोडावर मानूस धाड."

भटू म्हणजे आमचे हे. हे गरीब स्वभावाचे. मारायला कधी हात उचलला नाही, आणि कुणाचा हात धरलाही नाही. हे आत गेले, दौत आणि कागद घेऊन आले, ओट्याच्या कडेला बसले. माझ्यापासून चार हातांवर. हिलाल दावं घेऊन आला, वासराचं दावं, आणि त्यानं उदेसिंगाचे हात मागं घेऊन गोठ्याच्या खांबाला बांधले. बांधताना हळूच म्हणाला, "भो, मी काय करू सांग." उदेसिंगाच्या बोटांतून रक्त येत होतं ते दाव्याला लागलं.

डोंगरातल्या माणसाचं नाव एकदा फौजदाराच्या वहीत चढलं की मग ते उतरत नाही. कुणाची कोंबडी हरवली तरी त्यालाच बोलावणं येतं. उदेसिंगाच्या थोरल्या भावाचं तसंच झालं होतं. ठाण्यावर हजेरी द्यायला तो दर आठवड्याला डोंगर उतरून यायचा, आणि एका पावसाळ्यात येता येता नदीत वाहून गेला. उदेसिंगानंच मला हे सांगितलं होतं, मोटार धुता धुता, जणू दुसऱ्याच्या घरची गोष्ट.

मी उठले. यांच्यापुढे जाऊन हाताचा तळवा उघडला. त्यावर ती लाल खपली होती. मी खपलीकडे बोट केलं, मग माझ्या छातीकडे, मग चाकाकडे.

"आते नको तुन्या खुना," हे म्हणाले. "दखी नही ऱ्हायनी का काय चालनं शे ते?"

मी यांच्या मनगटाला धरलं. यांनी हात सोडवून घेतला आणि टाक दौतीत बुडवला. मी वाकून पाहिलं. मला अक्षरं येतात, माहेरी पोथीपुरती शिकले होते. "आमचा नोकर उदेसिंग, जातीने भिल्ल," एवढं लिहून झालं होतं. यांचं अक्षर फार सुरेख आहे. त्या सुरेख अक्षराचा मला इतका राग आला की कानात भणभण व्हायला लागली.

ज्याच्यासाठी मी तीन कार्तिक तोंड शिवून बसले, तोच माणूस हे लिहीत होता. मी त्याचा जीव मागून घेतला होता. कशासाठी मागितला होता? देवा, हे ऐकवत नसेल तर कान झाक, असं मी म्हटलं. मनातच म्हटलं. आणि पायऱ्या उतरून अंगणात गेले, आबांच्या समोर.

"आबा."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. घोगरा, जाडा निघाला. दारातून बेबीबाई, म्हणजे जाऊबाई, ओरडल्या, "अवं धनू, तीन दिन ऱ्हायंतात ना वं!"

"तेले सोडा. तो शेंदूर मन्हा हातना शे. तेनी ग्रीस लावेल व्हतं, मी पुसाले लावं. तो नको म्हनत व्हता. मी जवसना तेलमां शेंदूर कालवीसन आटामां भरा. तोच वाळना. तेनामुळे नट बसनात. ह्या मानूसनी काही करं नही."

आबा वळून दुसरीकडे बघायला लागले. भावजयीच्या तोंडाकडे बघायचं नसतं. तेवढी रीत त्यांना अजून आठवत होती. ते यांना म्हणाले, "भटू, तुन्ही बायको मन्हासंगे बोलनी."

एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

मी खपली पुढे धरली. कुणी घेतली नाही. हिलाल जवळ आला, त्यानं माझ्या तळव्याला न शिवता ती चिमटीत उचलली, चाकाशी जाऊन नटाच्या बुडातल्या लालीशी ताडून पाहिली. "आबा, खरं शे," तो म्हणाला. "म्हसोबावरला शेंदूरसारखाच कडक व्हयेल शे."

आबा थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग हसले.

"बायकास्नं काम. मोटारले बी म्हसोबा करी टाकं." आणि हिलालला, वासरू सोडायला सांगावं तसं, "सोड रे तेले. चाल उदेसिंग, काढ आते नट. टाईम जाई ऱ्हायना."

एक शब्द. चुकलं, एवढा एक शब्द हवा होता. पालखीपुढे चालताना कुणाला धक्का लागला तरी माणूस तेवढं म्हणतो. आबा घड्याळाकडे बघत होते.

उदेसिंगानं मनगटं चोळली. गालावर चारी बोटं उमटली होती. "कसा काढू?" तो म्हणाला. त्यानं आबांना विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

व्रत मोडलंच होतं, आता शब्द मोजून काय करायचे होते? मी सांगितलं. माझी पितळी समई जवसाच्या तेलानं अशीच बसते. तिचे तीन तुकडे आट्यांनी जोडलेले असतात, ते दोन माणसांनी ओढले तरी सुटत नाहीत. मग मी सांधा निखाऱ्यावर धरते, तेल परत मऊ होऊन धूर निघायला लागला की फडकं धरून फिरवते. लगेच सुटते. गरम असतानाच फिरवायची, गार झाली की परत धरते.

"तापाडनं पडी," उदेसिंग म्हणाला. "बरोबर शे, माय."

हिलालनं औताचे दोन जुने फाळ आणले. मी चुलीत लाकडं सारली, फाळ निखाऱ्यांत पुरले आणि फुंकणीनं फुंकत बसले. इतकं फुंकलं की डोळ्यांतून पाणी आलं. जाऊबाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या की उद्यापनाचं आता काय होणार, भटजींना विचारायला हवं, काही प्रायश्चित्त असेल. मी म्हटलं, "बाई, फाळ लाल व्हयना का दखा."

उदेसिंगानं रबराला ओलं गोणपाट गुंडाळलं. लाल फाळ सांडशीत धरून नटावर टेकवला. चर्र झालं. तो धरून राहिला. एक फाळ काळा पडला की दुसरा. मग नटाच्या बुडातून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास अंगणभर पसरला. तो शेंदूर लालाचा काळपट झाला आणि कडेनं बुडबुडला. माझी दसऱ्याची पूजा माझ्या डोळ्यांसमोर उकळत होती.

"आते," मी म्हटलं.

त्यानं पाना लावला आणि नळीवर जोर दिला. क्षणभर काही नाही. मग कट्ट असा आवाज आला, कुणाचं हाड मोडल्यासारखा, आणि नट बोटभर फिरला. बघ्यांतून कुणीतरी वा म्हटलं. उदेसिंग हसला नाही. दुसऱ्याला दोनदा तापवावं लागलं, तिसरा, चौथा पहिल्यासारखेच निघाले.

पाचवा तो, आबांनी ठोकून गोल केलेला. त्यावर पाना बसतच नव्हता. तापवून झाल्यावर उदेसिंगानं छन्नी नटाच्या कडेवर तिरपी लावली, नट सुटायच्या दिशेला तोंड करून, आणि छोटे छोटे ठोके दिले. छन्नीनं खाच पाडली, खाचेत धरून ठोके दिले, परत तापवलं, परत ठोके. त्या एका नटाला बाकीच्या चारांइतका वेळ लागला. त्याच्या बोटांतलं रक्त छन्नीवरून ओघळत होतं. "काय करी ऱ्हायना इतला येळ?" आबा दोनदा म्हणाले. नट कुणी गोल केला होता ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगणार होते, पण उदेसिंगानं मान हलवली, नको म्हणून. शेवटी तो निघाला आणि गडगडत जाऊन आबांच्या जोड्यापाशी थांबला.

चाक उतरलं. स्टेपनी आली. उघड्या बोल्टांवर काळा झालेला शेंदूर होता, तो उदेसिंगानं तारेच्या ब्रशनं खरवडून काढला. मग पिशवीतून ग्रीसचा डबा काढला, झाकण उघडलं आणि थांबला.

"माय, ग्रीस लावू का?"

ज्यानं थोबाडीत खाल्ली, बांधून घेतलं, माझं नाव घेतलं नाही, तो मला विचारत होता, लावू का.

"आन आठे," मी म्हटलं.

डबा मी हातात घेतला. बोटं आत घातली. गार, चिकट, काळं. ज्या बोटांनी शेंदूर भरला होता त्याच बोटांनी मी पाचही बोल्टांच्या आट्याआट्यात ग्रीस भरलं. हात मनगटापर्यंत काळे झाले. जाऊबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. कुणाची चरबी असेल ती असो. त्या वेळी मला किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट जरीचा फेटा परत डोक्यावर चढवत होती.

उदेसिंगानं चार नट पान्यानं कसले, पाचवा खाचेत छन्नी धरून ठोकून बसवला, जॅक काढला. एक वाजला असेल. वेळ होता. आबा मागच्या सीटवर जाऊन बसले, खिशातला अर्ज चाचपून पाहिला. उदेसिंगानं हत्यारं एकेक पुसून पिशवीत ठेवली, पिशवी जागेवर ठेवली. मग मोटारीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"आबा, गाडी तयार शे."

"मंग बस ना."

"आधी एक सांगा. इंद्रसिंगनं माले काय दिधं?"

"सोड ते आते. निंघ."

"बांधं तवय बठ्ठा लोक दखी ऱ्हायंतात. आते बठ्ठास्ना समोर सांगा, उदेसिंगनी काही करं नही. मंग मी गाडी काढस."

आबांचा चेहरा नटांसारखाच लाल झाला. "तू माले अट घालस? नोकर मानूस?"

"अट नही, आबा. एक बोलनं शे."

"इंद्रसिंगकडे जावानं शे वाटतं आते."

हे काचेपाशी वाकून म्हणाले, "दादा, सांगी टाका ना. एक शब्द तर शे." यांनी थोरल्या भावाला काही सांगितल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आबांनी समोर बघितलं. ओठ मिटलेले. उदेसिंग उभा राहिला. चांगलाच उभा राहिला, उन्हात, एक भांडं पाणी उकळेल इतका वेळ. मग त्यानं खांबाजवळ पडलेलं आपलं पागोटं उचललं, झटकलं, आणि मला म्हणाला, "जास, माय. बाकीना तीन चाकं बी तापाडना पडतीन."

आणि तो फाटकातून बाहेर पडला, डोंगराच्या वाटेला.

आबा मोटारीतच बसून राहिले. हिलाल घोडं आणू का म्हणून विचारायला गेला, त्याला त्यांनी हाकलून दिलं. घोडं फौजदाराच्या चिठ्ठीसाठी सकाळीच खोगीर घालून ठेवलं होतं. त्यावर बसून गेले असते तरी जमलं असतं, पण ते उतरले नाहीत. उतरले तर उदेसिंगाच्या बोलण्यावरून उतरल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं असावं. माणसं पांगली. ऊन मोटारीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. दोन वाजले, तीन वाजले. धुतलेली, पुसलेली, नवं चाक लावलेली मोटार अंगणात उभी होती आणि मागे फेटा बांधून आबा, अर्ज खिशात, तोंड गच्च मिटून.

संध्याकाळी मी हात घासलेटनं धुतले, मग राखेनं, मग शिकेकाईनं. काळं नखांच्या कडांतून गेलं नाही. तसंच तुळशीत दिवा लावला. हे मागे येऊन उभे राहिले. सकाळची चिठ्ठी यांनी फाडली होती, तुकडे हातावर घेऊन आले होते मला दाखवायला.

"दिवा लागना," हे म्हणाले. "आते बोल ना काही."

मी दिव्याची वात पुढे सारली, तुळशीला हात जोडले आणि यांच्या बाजूनं आत निघून गेले. त्या दिवशी माझं मौन दिवा लागल्यावर सुरू झालं. हे मोलगीच्या वाटेला लागून उदेसिंगाच्या दारी चुकलं म्हणून आले, पण त्यात नऊ दिवस गेले. तोवर मी यांच्याशी बोलले नाही.